टोलपडल : ग्रामनाम आणि ग्रामवृत्त

सुमारें ३५ वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेंत इतिहास शिकवीत होतों. एके दिवशीं वर्गांत इंग्लंडच्या इतिहासांतील इ. स. १८३४ चें एक प्रकरण निघालें. डॉर्सेट परगण्यांतील टोलपडल नांवाच्या खेड्यांतील सहा शेतमजुरांनीं संघ स्थापिला आणि त्याबद्दल त्यांस ७ वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली, एवढेंच काय तें आम्हीं सांगितलें. तेव्हां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें उठून विचारिलें, "गुरुजी, टोलपडल म्हणजे काय?" आम्हीं क्षणाचाही विचार न करितां उत्तर दिलें कीं, टोल म्हणजे जकात आणि पडल म्हणजे डबकें, नदीच्या उतारावर पूर्वीं जकातीचें नाकें असावें, त्यावरून हें नांव आलें. विद्यार्थ्यानें तें उत्तर मुकाट्यानें वहींत उतरून घेतलें.

तें उत्तर सर्वस्वीं चुकीचें होतें. दोन अवयवांपैकीं निदान एक तरी बरोबर यावा, तर तसेंही झालें नव्हतें. निवृत्तीनंतर आंग्ल ग्रामनामांचा विषय सवडीनें वाचीत असतां ही चूक आमच्या ध्यानांत आली, आणि त्या नांवाच्या पोटीं काय दडलेलें आहे तें पाहून चुकीची लाजही दुणावली. तो विद्यार्थी आज कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं. निदान त्रैमासिकाच्या वाचकांपुढें तरी योग्य उत्तर मांडावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

टोलपडल हें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडील डॉर्सेट परगण्यांत, डॉर्चेस्टर या मुख्य गांवाच्या पूर्वेस सुमारें ७ मैलांवर आहे. मातीच्या जाड भिंतींचीं व गवतानें शाकारलेलीं घरें, बाराव्या शतकापर्यंत मागें जाणारें संत जॉनचें देऊळ, एक लहानसें हिरवें पटांगण आणि त्यांत एक जुना सिकमोर वृक्ष, असा या खेड्याचा एकंदर पसारा आहे. गांवाला लागून पिडल नांवाची लहान नदी वाहते. आल्टन पँक्रास येथें खडूच्या टेकड्यांच्या पायथ्याशीं ती उगम पावते आणि प्रथम दक्षिणेकडे व मग आग्नेयेकडे जाऊन वेअरहॅम गांवाजवळ पूलच्या खाडींत समुद्रास मिळते. तिची लांबी आपल्या ओढ्यांहून फारशी अधिक नाहीं. पण या एवढ्याशा पाण्यानें आपलें नांव सात-आठ गांवांस दिलें आहे, आणि टोलपडल त्यांपैकींच एक होय.

ग्रामनामांची व्युत्पत्ति हा विषय दिसतो तितका निरुपद्रवी नाहीं. संस्कृत शिकलेल्या आमच्यासारख्यांस तर त्यांत विशेष धोका आहे. यास्काचार्यांनीं निरुक्तांत असा दंडक घातला आहे कीं, अर्थाकडे दृष्टि ठेवून, आणि दुसरें कांहीं साम्य न सांपडल्यास एखाद्या अक्षराच्या साम्यावरही, निर्वचन करावें. पण निर्वचन केल्यावांचून राहूं नये. वेदमंत्रांतील दुर्बोध शब्दांपुढें बसलेल्या भाष्यकारास हा दंडक उपकारक असेल. गांवाच्या नांवास मात्र तो घातक आहे. गांवाचें नांव हें हजार वर्षें हजारों अशिक्षित तोंडांतून झिजत आलेलें नाणें आहे. त्यावरील आजचा ठसा पाहून मूळ टांकसाळ सांगतां येत नाहीं. इंग्लंडांत इ. स. १९२३ सालीं आंग्ल ग्रामनाम मंडळ स्थापन झालें. त्या मंडळाच्या संशोधकांनीं, आणि इ. स. १९३६ सालीं ज्याचा ग्रामनामकोश प्रसिद्ध झाला त्या एलर्ट एकवाल नामक स्वीडिश पंडितानें, एकच नियम कसोशीनें पाळिला : आजचें रूप बाजूस ठेवावें, सर्वांत जुनें लेखी रूप शोधावें, आणि तेथून शतकाशतकानें खालीं उतरत यावें. डॉर्सेट परगण्याचें याच पद्धतीचें काम ए. डी. मिल्स यांनीं केलें असून त्याचा पहिला भाग इ. स. १९७७ सालीं छापला गेला.

त्या नियमानें टोलपडलकडे पाहूं. विजेत्या विल्यमनें इ. स. १०८५ च्या नाताळांत ग्लॉस्टर येथें दरबार भरवून साऱ्या राज्याची पाहणी करण्याचें ठरविलें, आणि दुसऱ्याच वर्षीं ती पार पडली. तिच्यापासून तयार झालेलें दफ्तर डूम्सडे बुक या नांवानें विख्यात आहे. कोणाकडे किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या, किती कुळें आणि वसूल किती, हें सर्व त्यांत लॅटिन भाषेंत टिपलेलें आहे. या दफ्तरांत टोलपडल हें नांव नाहीं. तेथें केवळ 'पिडेल' असें आहे. पुढें गंमत अशी कीं, त्याच नदीवरील इतर अनेक गांवेंही त्या दफ्तरांत निव्वळ 'पिडेल' याच नांवानें नोंदलेलीं आहेत. कारकुनास त्यांत कांहीं अडचण वाटली नसावी, कारण त्याची नोंद मालकवार होती, गांववार नव्हती. आजच्या संशोधकास मात्र हें पिडेल कोणतें व तें पिडेल कोणतें, हें धारकाच्या नांवावरून आणि जमिनीच्या मापावरून ठरवावें लागतें.

यावरून एक गोष्ट उघड होते. पिडेल हें मूळ कोणा एका गांवाचें नांव नव्हे. तें नदीचें नांव, आणि म्हणून तिच्या सर्व खोऱ्याचें नांव. खोऱ्याचे पुढें तुकडे पडले, निरनिराळ्या धन्यांच्या हातीं गेले, तेव्हां प्रत्येक तुकडा दुसऱ्यापासून ओळखूं यावा म्हणून त्यास उपपद लागलें. आपल्याकडे एकाच नांवाच्या दोन गांवांस बुद्रुक व खुर्द लावितात तोच हा प्रकार. मात्र तेथें लहानमोठेपणापेक्षां मालकास अधिक महत्त्व मिळालें.

पिडेल या शब्दाचा अर्थ जुन्या आंग्ल भाषेंत दलदल, पाणथळ सखल जमीन असा होतो. नदीच्या दोहों अंगांस आजही ओलसर कुरणें आहेत. अर्थ जागेस जुळतो. आधुनिक इंग्रजींतील डबकें या अर्थाचा 'पडल' शब्द अगदीं वेगळ्या घराण्यांतला आहे. तो चर या अर्थाच्या जुन्या 'पुड' शब्दापासून झाला आहे. तेव्हां आमच्या उत्तराचा दुसरा अवयव येथेंच गळून पडतो.

मग पिडलचें पडल कां झालें? येथें थोडी नाजूक गोष्ट सांगणें भाग आहे. आधुनिक इंग्रजींत 'पिडल' या शब्दास लघुशंकेचा ग्राम्य अर्थ चिकटला आहे. नदीच्या नांवाशीं त्याचा संबंध नाहीं. नदीचें नांव त्याहून कितीतरी शतकांनीं जुनें आहे. तरीपण प्रतिष्ठित मंडळींस तो उच्चार बोचूं लागला आणि इकाराच्या जागीं उकार रूढ झाला. इ. स. १८३३ मध्यें राजकन्या व्हिक्टोरिया या प्रांतांत येणार म्हणून गांवोगांवचे पिडल रातोरात पडल झाले, अशी एक आख्यायिका सांगतात. ती मनोरंजक आहे, पण अशा गोष्टींस कागदाचा आधार मिळेपर्यंत आम्ही त्यांस कथेहून अधिक मान देत नाहीं. पडलटाउन या मोठ्या गांवाचें मात्र पूर्वींचें पिडलटाउन हें नांव जाऊन नवें नांव अधिकृतपणें स्थिर व्हावयास इ. स. १९५० नंतरचा काळ उजाडावा लागला. हेंच गांव टॉमस हार्डीच्या कादंबरींत 'वेदरबरी' या कल्पित नांवानें येतें. उगमाकडील पिडलट्रेंटहाइड आणि पिडलहिंटन या गांवांनीं मात्र कोणाची भीड न बाळगतां आपला इकार आजतागायत जपून ठेविला आहे.

या भावंड-गांवांचीं उपपदें एकेक पाहण्याजोगीं आहेत. पिडलट्रेंटहाइड हें नांव पाहतांच कोणीही त्यांतील 'ट्रेंट' हें नदीचें नांव समजेल. कारण इंग्लंडांत ट्रेंट नांवाची मोठी नदी आहे, आणि खुद्द पिडल नदीसही ट्रेंट असें दुसरें नांव आहे. पण तेराव्या शतकाच्या आरंभींचें लेखी रूप 'पिडेल ट्रेंटेहाइड्स' असें आहे. यांतील 'ट्रेंटे' म्हणजे फ्रेंच भाषेंतील तीस ही संख्या. लॅटिन 'त्रिगिंता' आणि आपला 'त्रिंशत्' हीं एकाच कुळांतील भावंडें होत, त्या लॅटिन शब्दाचें हें फ्रेंच अपत्य. 'हाइड' हें जमिनीचें जुनें माप, मुळांत एका कुटुंबाच्या निर्वाहापुरती जमीन. तें सामान्यतः १२० एकर धरण्याचा प्रघात आहे. डूम्सडे दफ्तरांत या गांवाची आकारणी ३० हाइडांवर आहे. तेव्हां पिडल नदीवरील तीस हाइडांचा गांव, असा नांवाचा सरळ अर्थ. एका नांवांत नदी सॅक्सनांची, संख्या नॉर्मनांची आणि माप पुन्हां सॅक्सनांचें, असा संकर झाला आहे. राज्यक्रांति झाली म्हणजे हिशेबाची भाषा प्रथम बदलते, पण जमिनीचें माप सहसा बदलत नाहीं, हें येथें नजरेस येतें.

पिडलहिंटनमधील 'हिंटन' म्हणजे 'हीवन' व 'टून'. पैकीं टून म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, तोच आजचा टाउन. आणि हीवन म्हणजे एकत्र नांदणारें घराणें, विशेषतः धर्मसंघ. अर्थात् मठाकडे असलेला गांव. टोलपडलच्या खालच्या अंगास अफपडल आहे. त्याचा धनी एफा नामक पुरुष होता. डूम्सडे दफ्तरांत या गांवाचें नांव उपपदासह आलेलें आहे, म्हणजे निदान एका ठिकाणीं ही रीत त्यापूर्वींच पडली होती. त्याच्या खालीं ब्रायंट्सपडल. चौदाव्या शतकांतील ब्रायन द टर्बरव्हिल या जमीनदारावरून तें नांव पडलें. याच टर्बरव्हिल घराण्याचें नांव किंचित् फिरवून हार्डीनें आपल्या इ. स. १८९१ च्या कादंबरींतील टेस हिचें कुल निर्माण केलें. त्याच्याही खालीं टर्नर्सपडल. टर्नर म्हणजे कातारी, म्हणून येथें कातारी राहत असावेत असें म्हणण्याचा मोह कोणास होणार नाहीं? पण इ. स. १२६८ चें रूप 'टोनर्सपिडेल' आहे. टोनर हें नॉर्मन घराणें डूम्सडेच्या काळापासून येथील धारक होतें. घराणें विस्मृतींत गेलें, लोकांस टोनर कळेना, मग त्यांनीं ओळखीचा कातारी आणून त्या जागीं बसविला. आम्हीं वर्गांत टोलपडलचें जें केलें तेंच टर्नर्सपडलचें खुद्द तेथील रहिवाशांनीं केलें आहे, एवढेंच आमचें समाधान.

आतां मुख्य नांव. तेराव्या शतकाच्या आरंभीं तें 'टोलेपिडेल' असें लिहिलेलें सांपडतें. यांतील 'टोले' म्हणजे जकात नव्हे. 'टोला' हें स्कँडिनेव्हियन स्त्रीनाम आहे, त्याची ही षष्ठी. जुन्या आंग्ल भाषेंत अशा नामांची षष्ठी 'अन्' प्रत्ययान्त होते. व्याकरणदृष्ट्या हा वर्ग आपल्या राजन्, आत्मन् इत्यादि नकारान्त शब्दांचा सगोत्र आहे. पुढें अन्त्य नकार गळाला, स्वर क्षीण झाला, आणि शेवटीं तोही गेला. तेव्हां टोलपडल म्हणजे 'टोलेचें पिडल', टोला नामक स्त्रीची पिडल नदीवरील जमीन. या खोऱ्यांत पुरुषांवरून, घराण्यांवरून, मठावरून आणि मापावरून नांवें पडलीं, हें वर आलेंच. स्त्रीवरून पडलेलें हें एक.

ग्रामनामांत आलेल्या व्यक्ति सामान्यतः नुसत्या नांवापुरत्या उरतात. अफपडलचा एफा कोण, त्यानें काय केलें, हें कोणीही सांगूं शकत नाहीं. टोलेचें तसें नाहीं. तिच्याविषयीं तत्कालीन राजशासनाचा लेखी पुरावा आहे.

तिच्या पतीचें नांव ऑर्क अथवा उर्क. डेन्मार्कच्या क्नूट राजानें इ. स. १०१६ मध्यें इंग्लंडचें राज्य मिळविलें, तेव्हां त्याच्या पदरीं 'हाउसकार्ल' नामक शस्त्रधारी खासगी सेवकांचें पथक असे. ऑर्क हा त्यांपैकीं एक. क्नूटनें इ. स. १०२४ मध्यें त्यास डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळील पोर्टशॅम येथें जमीन दिली. ती सनद आजही विद्यमान आहे. आपल्या ताम्रपटांतल्याप्रमाणें या सनदांतूनही दानाचें कारण, जमिनीच्या चतुःसीमा, दान मोडणारास शाप आणि शेवटीं साक्षीदार, असा ठराविक क्रम असतो, हें ज्यांस ताम्रपट वाचण्याची संवय आहे त्यांस पाहून गंमत वाटेल. पुढें इ. स. १०४२ ते १०६६ पर्यंत राज्य केलेल्या एडवर्ड राजाच्या काळींही ऑर्क चाकरींत होता. एडवर्डनें दिलेल्या एका आज्ञापत्रानें ऑर्कच्या जमिनीसमोरील समुद्रकांठ आणि लाटांबरोबर त्या कांठास जें कांहीं लागेल तें सर्व त्याचें ठरलें. फुटलेल्या गलबतांचा माल किनाऱ्यास लागे, तेव्हां हा हक्क लहानसहान नव्हता.

ऑर्क व टोला यांनीं किनाऱ्यावरील ॲबट्सबरी येथें संत पीटरच्या नांवें मठ स्थापिला. ऑर्क वारल्यावर एडवर्डनें दुसरें एक आज्ञापत्र काढिलें. त्यांत राजा प्रांतांतील अधिकाऱ्यांस कळवितो कीं, आपला सेवक ऑर्क याची विधवा टोला हिनें आपली जमीन व चीजवस्त ॲबट्सबरीच्या मठास मृत्युपत्रानें द्यावी, यास आपली पूर्ण अनुज्ञा आहे. पत्र लॅटिनमध्यें नाहीं, लोकांच्या बोलीच्या आंग्ल भाषेंत आहे, कारण तें प्रांताच्या सभेंत मोठ्यानें वाचून दाखवावयाचें असे. गांवांची यादी त्यांत नाहीं. शब्दयोजना सामान्य आहे. परंतु इ. स. १०८६ मध्यें डूम्सडे दफ्तरांत हें आपलें पिडेल ॲबट्सबरीच्या मठाकडे आहे, आणि पुढें त्याच पिडेलास 'टोले' हें उपपद लागलेलें आहे. आज्ञापत्र, दफ्तर आणि ग्रामनाम हीं तीन साधनें एकमेकांपासून स्वतंत्र असून तिन्ही एकाच स्त्रीकडे बोट दाखवितात. ग्रामनामाच्या संशोधनांत याहून अधिक पुरावा क्वचितच हातीं लागतो.

मठ इ. स. १५३९ सालीं आठव्या हेन्रीच्या मठविध्वंसांत बुडाला. म्हणजे टोलेचें दान सुमारें पावणेपांचशें वर्षें टिकलें. दात्यांच्या आत्म्यासाठीं प्रार्थना करणें हें मठाचें कामच असल्यामुळें तिचें नांव तेथें वारंवार उच्चारलें जात असावें, आणि गांवास तेंच नांव कायम होण्यास तें एक कारण झालें असावें, असा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा.

ऑर्काचें आणखी एक कृत्य येथें नमूद करणें अवश्य आहे, कारण त्याचा संबंध पुढील कथेशीं आहे. त्यानें ॲबट्सबरी येथें एक 'गिल्ड' म्हणजे बंधुमंडळ स्थापून त्यास सभागृह बांधून दिलें. त्या मंडळाचे नियम जुन्या आंग्ल भाषेंत उपलब्ध आहेत. प्रत्येक सभासदानें संत पीटरच्या उत्सवापूर्वीं एक पेनी अथवा पेनीच्या किंमतीचें मेण द्यावें. एखादा बंधु वारला तर प्रत्येकानें त्याच्या आत्म्यासाठीं एक पेनी द्यावी. आणि कोणी सभासद ६० मैलांच्या आंत परगांवीं आजारी पडला तर त्यास आणण्यास १५ माणसें पाठवावीं. तो तेथें मरण पावला असल्यास ३० माणसें पाठवावीं, आणि जिवंतपणीं त्यानें जेथें इच्छिलें असेल तेथें त्याचा देह पोंचवावा. अकराव्या शतकांतील हा नियम आम्हीं प्रथम वाचला तेव्हां पुस्तक मिटून कांहीं वेळ स्वस्थ बसलों.

मठ गेल्यानंतरचीं तीनशें वर्षें जमिनी एका हातांतून दुसऱ्या हातांत जाण्यांत गेलीं. इंग्लंडभर सामायिक रानें व कुरणें कुंपणांत घेण्यांत आलीं. लहान शेतकरी मजूर झाला. नेपोलियनशीं युद्ध संपल्यावर धान्याचे भाव उतरले आणि मजुरीही उतरली. इ. स. १८३० मध्यें दक्षिण इंग्लंडांत मजुरांनीं मळणीचीं यंत्रें फोडलीं, गंजी जाळल्या. कांहींस फांशी झाली, शेंकडोंस समुद्रापार पाठविण्यांत आलें. टोलपडलची पाळी यानंतर आली.

शेजारच्या भागांत शेतमजुरास आठवड्यास १० शिलिंग मिळत. टोलपडलच्या शेतकऱ्यांनीं तितकें देण्याचें कबूल केलें, पण दिले ९. मग ते ८ वर आले, नंतर ७, आणि पुढें ६ च मिळतील असें सांगण्यांत आलें. गांवचा जॉर्ज लव्हलेस हा नांगऱ्या मेथडिस्ट पंथाचा उपदेशक होता. त्याला लिहितां-वाचतां येई व चार माणसें त्याचें ऐकत. त्यानें लिहिलेल्या वृत्तांतावरून दिसतें कीं, मजुरांनीं प्रथम मॅजिस्ट्रेटकडे दाद मागितली. मजुरीचा दर ठरविणारा कायदा नाहीं, असें त्यांस उत्तर मिळालें. तेव्हां इ. स. १८३३ च्या शरद् ऋतूंत त्यांनीं शेतमजुरांचें मित्रमंडळ स्थापन केलें. प्रवेशास एक शिलिंग, आणि पुढें दर आठवड्यास एक पेनी. आठशें वर्षांपूर्वींच्या ऑर्काच्या मंडळाची वर्गणी वर आली आहे, तिच्याशीं ही पडताळून पाहावी. लव्हलेसास ऑर्क अथवा टोला हीं नांवें ठाऊक असण्याचा संभव नाहीं. दोहोंत कांहीं परंपरा होती असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच परगण्यांत तसेंच मंडळ पुन्हां उभें राहिलें, इतकेंच.

संघ करणें हा त्या वेळीं अपराध नव्हता. संघबंदीचा कायदा इ. स. १८२४ सालींच रद्द झाला होता. परंतु मंडळांत प्रवेश देतांना डोळे बांधून, हाडांच्या सांगाड्याचें चित्र दाखवून, गुप्ततेची शपथ घेववीत. असा एक विधि ९ डिसेंबर १८३३ रोजीं टॉमस स्टँडफील्ड याच्या झोपडींत झाला, आणि त्यांत सामील झालेला एक मजूर पुढें सरकारचा साक्षीदार झाला. मोर्टनचा जमीनदार व मॅजिस्ट्रेट जेम्स फ्रँप्टन यानें गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न याच्याशीं पत्रव्यवहार केला, आणि इ. स. १७९७ च्या बेकायदा शपथांच्या कायद्याचें हत्यार सांपडलें. हा कायदा मुळांत स्पिटहेड व नोर येथील आरमारी बंडांनंतर केलेला. आरमारासाठीं बनविलेला बेडीचा सांचा नांगऱ्यांच्या मनगटांत बसविला गेला. शपथ घेणें दंड्य आहे असा इशारा २२ फेब्रुवारी १८३४ च्या सुमारास चव्हाट्यावर लागला, आणि २४ तारखेस पहांटे सहा जणांस पकडून डॉर्चेस्टरला पायीं नेण्यांत आलें. जो अपराध म्हणून धरला तो इशाऱ्यापूर्वीं अडीच महिने घडला होता, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

ते सहा जण असे : जॉर्ज लव्हलेस व त्याचा भाऊ जेम्स, टॉमस स्टँडफील्ड व त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन, आणि जेम्स हॅमेट. पैकीं हॅमेट हा त्या रात्रीं विधीस हजर नव्हता, त्याचा भाऊ जॉन होता, आणि भावाची बायको गरोदर म्हणून जेम्सनें तें आपल्या अंगावर घेतलें, असें परंपरा सांगते. न्यायाधीश बॅरन जॉन विल्यम्स यानें मार्चमध्यें सर्वांस ७ वर्षांची शिक्षा सुनावली. आपण कोणाची अब्रू, जीव अथवा मालमत्ता यांस धक्का लाविलेला नसून स्वतःस व बायकामुलांस उपासमारींतून वांचविण्यासाठीं एकत्र आलों, असें लव्हलेसनें न्यायालयास लिहून दिलें. त्याचा उपयोग झाला नाहीं. तो आजारी असल्यानें मागें राहिला व पुढें टास्मानियास, ज्यास तेव्हां व्हॅन डीमेनची भूमि म्हणत, तेथें पाठविला गेला. इतर पांच जण त्यापूर्वींच न्यू साउथ वेल्सकडे रवाना झाले होते.

येथें त्या खेड्याचें नांव प्रथमच आपल्या खोऱ्याबाहेर गेलें. २१ एप्रिल १८३४ रोजीं लंडनांत कोपनहेगन फील्ड्स या मैदानावर प्रचंड जमाव जमला. २ लक्षांहून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटकडे गेला. इ. स. १८३६ च्या मार्चमध्यें पूर्ण माफी मिळाली. तथापि माफी मिळणें एक आणि घरीं पोंचणें निराळें. जॉर्ज लव्हलेस इ. स. १८३७ च्या जूनमध्यें परतला व त्याच वर्षीं त्यानें आपली हकीकत छापून प्रसिद्ध केली. चौघे इ. स. १८३८ च्या मार्चमध्यें आले. हॅमेट इ. स. १८३९ मध्यें, म्हणजे माफीनंतर तीन वर्षांनीं.

पुढें पांच जणांनीं कांहीं वर्षें एसेक्स परगण्यांत शेती केली आणि इ. स. १८४० नंतरच्या दशकांत ते कॅनडांत, ओंटारिओमधील लंडन गांवाच्या परिसरांत, जाऊन राहिले. नव्या देशांत आपला पूर्ववृत्तांत त्यांनीं फारसा कोणास सांगितला नाहीं म्हणतात. एकटा हॅमेट टोलपडलला परत आला आणि बांधकामावर राबून पोट भरूं लागला. म्हातारपणीं त्याची दृष्टि गेली. मुलांनातवांवर भार नको म्हणून तो डॉर्चेस्टरच्या अनाथगृहांत जाऊन राहिला आणि २१ नोव्हेंबर १८९१ रोजीं तेथें वारला. जन्म ११ डिसेंबर १८११ चा, म्हणजे वय ८० ला वीस दिवस कमी. त्याचा देह टोलपडलच्या देवळाच्या आवारांत आणून पुरला. डॉर्चेस्टरपासून टोलपडल ६० मैलांच्या पुष्कळ आंत आहे.

इ. स. १९३४ मध्यें शताब्दीच्या वेळीं कामगार संघांच्या मध्यवर्ती सभेनें गांवांत वृद्ध शेतमजुरांसाठीं सहा घरें बांधिलीं. प्रत्येक घरास सहांपैकीं एकाचें नांव आहे. हॅमेटच्या थडग्यावरील शिळा त्याच वर्षीं एरिक गिल या शिल्पकारानें कोरली. ज्या सिकमोर वृक्षाखालीं मजूर जमत असें सांगतात, तो पटांगणांत अद्याप उभा आहे. इ. स. २००५ मध्यें बुंध्याच्या घेरावरून त्याचें वय मोजलें तेव्हां तो सुमारें इ. स. १६८० चा ठरला. म्हणजे सभांच्या वेळीं तो दीडशें वर्षांचा होता. दरवर्षीं जुलै महिन्यांत गांवांत संघवाल्यांची मोठी यात्रा भरते. आणि कॅनडांतील लंडन शहरीं, जेथें पांच जणांनीं आपलें पूर्वायुष्य झांकून ठेविलें होतें, तेथील एका सहकारी गृहसंस्थेस आतां टोलपडल हें नांव आहे. टोलेनें डॉर्सेटमधील जमीन ॲबट्सबरीच्या मठास दिली. अटलांटिक महासागरापलीकडील त्या घरांवर आज तिचेंच नांव लागलें आहे.